झाकण ज्याने लावलं

आत्या आल्या आल्या म्हणाली, काळीचं झाकण कोणीही लावा, पण धाकट्याला इंजिनाच्या आसपास फिरकू देऊ नका; एकदा केलं तेवढं पुरे झालं. धाकटा तेव्हा दारातच उभा होता, चपला काढाव्यात की नाही या विचारात. वर्कशॉपमध्ये कोणी चपला काढत नाही हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. वयाची पंचवीस वर्षं त्याने त्याच फरशीवर काढली होती. पण अकरा वर्षांनी परत आलेला माणूस आपल्याच घरी पाहुण्यासारखा वागतो. थोरलीने, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाच्या बायकोने, ते पाहिलं आणि मान खाली घालून ती लेथवरचा पितळी चुरा झाडत राहिली. 

धाकट्याच्या वडिलांनी, दादांनीच सगळ्यांना बोलावलं होतं; आत्या ही त्यांची बहीण. त्यांना चौऱ्याऐंशी पूर्ण झाली होती. उजवा डोळा गेला होता आणि डावा आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच सांगायचा. कान मात्र शाबूत होते. कान आहेत तोवर काळी पुन्हा सुरू झालेली ऐकायची आहे, असं त्यांनी महिन्यापूर्वी जाहीर केलं आणि पुढे म्हणाले की जो तिचं झाकण लावेल त्याच्या हातात वर्कशॉपच्या किल्ल्या. ते झाकण नात लावणार हे घरात न बोलताच ठरलं होतं. थोरलीची ही लेक सव्वीस वर्षांची, बोलायला तिखट आणि कामाला चोख. लहानपणापासून मोठ्यांच्या चुका काढायची म्हणून दादा तिला मास्तरीण म्हणत, आणि तेच नाव चिकटलं होतं.

काळी म्हणजे घरची जुनी मोटार. दादांचे वडील तिचे ड्रायव्हर होते. मालकाने शेवटी ती त्यांनाच देऊन टाकली, आणि तिच्याच दुरुस्त्या करता करता हे वर्कशॉप उभं राहिलं. त्या वर्कशॉपचे नियम दोन. पहिला, गाडी सुरू होईपर्यंत तिच्यातून काढलेलं काहीही टाकायचं नाही. अगदी वाकडी पिनसुद्धा ट्रेमध्ये ओळीने ठेवायची. दुसरा, ज्याने झाकण लावलं त्याचं काम. इंजिन चौघांनी उघडलेलं असो, आत आठ हात फिरलेले असोत, शेवटी वरचं झाकण बसवणारा माणूस फळ्यावर त्या गाडीपुढे खडूने आपली खूण काढायचा आणि बऱ्यावाईटाचा धनी व्हायचा. गाडी फेरी मारून सुखरूप परत आली की खूण पुसायची. दादांची खूण त्रिकोण, थोरल्या मुलाची गोल, धाकट्याची फुली.

ती फुली अजून फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात होती.

अकरा वर्षांपूर्वी काळीचे रॉकर झिजले होते. इंजिनाच्या माथ्यावर, झाकणाखाली, एका पोकळ दांड्यावर आठ छोटे हात असतात. एका टोकाला खालून ढकललं की दुसऱ्या टोकाने ते व्हॉल्व्ह दाबतात. त्यांना म्हणायचं रॉकर आणि त्या दांड्याला शाफ्ट. थोरल्याने दोन दिवस बसून ते काम केलं. शेवटी मनगट मुरगळलंय म्हणून तो घरी गेला आणि उरलेलं धाकट्याने पुरं करून झाकण लावलं. गाडी गेली ती चढावर, गावापासून चार कोसांवर, टकटक करत बंद पडली. दोरीने ओढून आणली. रॉकर कोरडे फिरले होते, तेल पोचलं नव्हतं, एवढं कळायला इंजिन उघडायची गरज नव्हती, आणि दादांनी ते उघडलंही नाही. त्यांनी फळ्याकडे पाहिलं. चार गिऱ्हाइकं उभी असताना ते धाकट्याला म्हणाले, तुझ्या हाताला यश नाही. धाकट्याने हातातला पाना पुसून जागेवर ठेवला. त्याच आठवड्यात त्याने बस डेपोत नोकरी धरली.

पुढे आठ महिन्यांत थोरला गेला. हातापायांतलं बळ उतरत जाणारा आजार होता, आणि मनगटाचं ते दुखणं ही त्याची सुरुवात होती हे नंतर समजलं. काळीवर ताडपत्री पडली. गेलेल्या माणसाचा हात सोन्याचा होता आणि राहिलेल्याचा मातीचा, असं आत्या येईल त्याला सांगू लागली. थोरली रोज सकाळी ओल्या फडक्याने फळा पुसायची. फुलीपाशी आलं की तिचा हात आपोआप वळसा घ्यायचा. कोणी तसं सांगितलं नव्हतं. तिलाही वाटायचं, नवऱ्याचं शेवटचं चांगलं काम ज्याने वाया घालवलं त्याची खूण राहू दे.

काळीचं झाकण या गुरुवारी उघडलं होतं. मास्तरणीने रॉकरचा सगळा जुडगा उचलून टेबलावर ठेवला आणि ती झाकणाखाली घालायचं नवं गॅसकेट आणायला बाजारात गेली. थोरली एकटीच होती. तिने व्हाइसच्या जबड्यांना कापड लावून त्यात जुडगा पकडला, रॉकेलने धुतला आणि शाफ्टच्या टोकाची दोन पायांची स्प्लिट पिन काढायला पकड घातली. पकड नीट बसेना. पिन उलट बाजूने घातलेली होती आणि तिचे पाय उलटे वळवलेले होते, पकड डाव्या हातात धरणारा माणूस वळवतो तसे. आणि टोकं नुसती दुमडलेली नव्हती. त्यांचं ज्वारीच्या दाण्याएवढं वेटोळं केलेलं होतं, पुढे कधी पुसताना कोणाच्या बोटात जाऊ नये म्हणून.

या घरात डावखुरा एकच माणूस होऊन गेला होता. असं वेटोळं करणाराही तोच.

तिने पिन ट्रेमध्ये ठेवली आणि शाफ्ट ओढून काढला. तो पालथा बसवलेला होता. शाफ्ट झिजतो तो खालून, कारण रॉकरचा रेटा तिथे येतो. झिजलेला शाफ्ट पालथा केला की गुळगुळीत बाजू खाली येते आणि नवा करायचे कष्ट वाचतात. नवशिक्याला हा मोह हमखास होतो. पण तेलाची भोकंही खालच्याच अंगाला असतात. ती वर गेली की तेल भलतीकडे जातं, आणि जिथे रेटा तिथे कोरडं. हे दादांनी मुलांना मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं होतं. आणि शाफ्ट ज्याने पिन घालून बंद केला त्यानेच तो पालथा केला, यात शंकेला जागा नव्हती. धाकट्याच्या हाती जुडगा आला तो बांधलेला. भोकं रॉकरखाली झाकलेली. त्याने तो वर ठेवला, बोल्ट आवळले आणि झाकण लावलं.

थोरली स्टुलावर बसली. नवा शाफ्ट करून दे, असं नवरा तिला म्हणू शकला असता. तेव्हाही लेथ तीच चालवायची. पण माप घ्यायला दोघांनी मिळून उभं राहावं लागलं असतं, आणि मग त्याच्या बोटांची थरथर तिने पाहिली असती. कोणी पाहू नये म्हणून त्याने शाफ्ट पालथा केला आणि स्वतःशी म्हटलं असेल, तात्पुरतं चालेल.  मास्तरीण परतली तेव्हा थोरलीने ती पिन ट्रेमध्ये जुन्या शाफ्टखाली सरकवून ठेवली होती.

मग तीन दिवस तिने नुसतं काम केलं. आठ रॉकरच्या भोकांतले जुने बुश, म्हणजे शाफ्टवर फिरणाऱ्या धातूच्या नळ्या, दाबून काढले, लेथवर ब्राँझचे नवे केले, दाबून बसवले, तेलाची भोकं पाडली, आतून मापाला आणले. कडक पोलादाचा नवा शाफ्ट घासून तयार केला. हात चालत होते आणि डोक्यात एकच होतं. तिला काहीही करायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं. जुनी स्प्लिट पिन पुन्हा कोणी वापरत नाही. रविवारी गाडी सुरू झाली की नियमाप्रमाणे ट्रे भंगारात उपडा होईल. लेकीच्या हाती किल्ल्या येतील, गेलेल्याचं नाव सोन्याचं राहील, आणि धाकटा जिथे आहे तिथे अकरा वर्षं होताच.

आता रविवार उजाडला होता, दहा वाजले होते, आणि मास्तरीण इंजिनावर वाकून रॉकर आणि व्हॉल्व्हमधल्या फटी जुळवत होती. फिलरची पातळ पट्टी फटीत घालायची, ती अडखळत सरकली की स्क्रू पक्का करायचा. दादा खुर्चीत काठीवर हनुवटी टेकून प्रत्येक खटका ऐकत होते. आत्या त्यांच्या शेजारी. धाकटा अजून दाराजवळच होता, पण चपला पायात ठेवून.

“आठव्याचं टोक घासलंय का?” तो हळूच म्हणाला.

मास्तरणीने मान वर केली नाही. पट्टी बरोबर अडखळतेय, असं ती म्हणाली, आणि पट्टी काही खोटं बोलत नाही.

“टोकाला खड्डा पडलेला असला की बोलते. पट्टी खड्ड्यावर पुलासारखी टेकते. फट तुला बरोबर दिसते, पण असते जास्त.”

“डेपोत बसची काच पुसताना शिकलात वाटतं हे?”

आत्या हसली. धाकटाही हसला, पण खाली बघून. मास्तरणीने आठवा रॉकर वर उचलून त्याच्या टोकावरून नख फिरवलं. नख अडकलं. सात टोकं तिने स्वतः दगडावर घासली होती, आठवं राहून गेलं होतं. ती रॉकर सोडवून दगडाकडे गेली, आणि तिचे कान लाल झालेले थोरलीला दिसले. दाराजवळून, न वाकता, हात न लावता धाकट्याला ते कसं कळलं, हेही थोरलीला समजलं. पट्टी सरकतानाचा आवाज त्याने ऐकला होता. दादा ऐकतात तसा. दादांची हनुवटी काठीवरून उचलली गेली होती.

अर्ध्या तासात सगळं जुळलं. मास्तरणीने झाकण उचललं, आतून पुसलं, गॅसकेट चिकटवलं. आत्या म्हणाली, बापाचं अर्धवट राहिलेलं लेकीने पुरं केलं, तो असता तर आज त्याचे डोळे भरून आले असते.

तेवढं वाक्य नसतं तर थोरली कदाचित गप्प राहिली असती. पुढे अनेकदा तिने स्वतःला हे विचारलं.

“थांब जरा,” ती म्हणाली.

तिने ट्रे आणला, जुना शाफ्ट बाजूला केला, पिन उचलली आणि दादांच्या तळहातावर ठेवली. ही शाफ्टच्या टोकाला होती, एवढंच सांगितलं. दादांनी अंगठा आणि तर्जनीत ती धरली. तिचं डोकं चाचपलं, पाय चाचपले, वेटोळ्यावरून बोट फिरवलं, परत फिरवलं. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“डावा हात,” दादा म्हणाले.

“अरे, पिनेवरून काय कळतंय,” आत्या म्हणाली. “धाकट्यानेच घातली असेल वेडीवाकडी.”

“वेडीवाकडी नाहीये ही. हे वेटोळं मी नाही शिकवलं कोणाला. हे त्याचं त्याने काढलेलं.” आणि मग, आवाज न चढवता, “शाफ्ट कसा होता, सूनबाई?”

“पालथा होता. भोकं वर.”

मास्तरणीने झाकण टेबलावर ठेवलं. बाबा असं करणार नाहीत, ती म्हणाली. आईने सांगायचा प्रयत्न केला की त्याच्या बोटांत बळ राहिलं नव्हतं, तो कोणाला कळू देत नव्हता. पण मुलीने ऐकलं ते एवढंच, की आईला हे गुरुवारपासून माहीत होतं आणि आज, सगळ्यांसमोर, आत्यासमोर, तिने ते बाहेर काढलं.

“कशाला बोललीस? तो माणूस आता उत्तर द्यायला आहे का?”

“हा माणूस आहे ना,” थोरली म्हणाली आणि दाराकडे वळली. अकरा वर्षांत ती धाकट्याशी सरळ बोलली नव्हती. त्याच्या घरी शेवया करायला काय, विचारपूस करायलाही कधी गेली नव्हती. “भाऊजी, तुम्हाला माहीत होतं?”

“झाकण मीच लावलं होतं, वहिनी.”

“ते नाही विचारलं मी.”

तो पायाने फरशीवरचा एक वॉशर इकडून तिकडे सरकवू लागला. मग त्याने सांगितलं, तुटक तुटक, जणू दुसऱ्याचंच काही सांगतोय. दवाखान्यात थोरल्याने त्याला सगळं सांगितलं होतं. दादांना बोलावून आण, त्यांच्या कानावर घालतो, म्हणून तो मागेच लागला होता. धाकट्याने बोलावलं नाही. आधी बरा हो, मग सांग, म्हणाला. बरा होणार नाही हे दोघांनाही दिसत होतं.

“जाताना दादांचा एक शब्द त्याला लागला असता तर तो तेवढाच घेऊन गेला असता,” धाकटा म्हणाला. “मला काय, मला लागून झाला होता. आणि नंतर सांगायचं कोणाच्या भल्यासाठी?”

मास्तरीण मागच्या दाराने अंगणात निघून गेली. आत्याने पदर तोंडाला लावला. 

दादा पिन हातात फिरवत होते. बोलले ते कोणाकडेही तोंड न करता.

“काळी ओढून आणली तेव्हा मी झाकण का उघडलं नाही, हे मला एकानेही विचारलं नाही. मुरगळलेलं मनगट मला कळतं. पाना धरताना त्याची बोटं सुटायची, ती मला दिसत होती. तेव्हा डोळे होते मला. उघडलं असतं तर काय निघेल याची भीती वाटली.” त्यांनी पिन मुठीत घेतली. “फळ्यावर फुली होती. ती सोयीची पडली.”

धाकट्याने वॉशर सरकवणं थांबवलं.

“दोघांतल्या एकावर घालायचं होतं. हा निरोगी होता, म्हणून याच्यावर घातलं.” आणि मग म्हणाले, “ते झाकण माझ्याकडे द्या.”

थोरलीने त्यांना हाताला धरून इंजिनापाशी नेलं. त्यांनी पिन शर्टाच्या खिशात टाकली, झाकण दोन्ही हातांनी चाचपलं, कडेवरून गॅसकेट कुठे उचललं आहे का ते बोटांनी पाहिलं आणि खाली बसवलं. नट धाकट्याने एकेक करून त्यांच्या हातात दिले. कोणी त्याला सांगितलं नव्हतं. दादांनी ते आधी बोटांनी फिरवले, मग पाना घेऊन आवळले, मधल्यापासून कडेला, कमी न जास्त. झाल्यावर ते म्हणाले, फळा.

फळ्यापाशी त्यांनी विचारलं, ती कुठे आहे. थोरलीने त्यांचा हात कोपऱ्यावर ठेवला. त्यांनी तळव्याने फुली पुसली. अकरा वर्षांचा खडू एका फटक्यात जात नाही, दोनतीनदा घासावं लागलं. मग त्यांनी त्रिकोण काढला. तिसरी रेघ पहिलीला भेटली नाही, पण ती तशीच राहू दिली.

“म्हणजे किल्ल्या तुझ्याकडेच राहिल्या की, दादा,” आत्या नाक पुसत म्हणाली.

“खिळ्यावर राहू देत. सकाळी जो आधी येईल त्याने उघडावं.”

डेपोतली पाळी दुपारी दोनची असते, असं धाकटा म्हणाला. फळ्याकडे बघत, सहज सांगावं तसं.

मास्तरीण परत आली तेव्हा तिचे डोळे धुतलेले होते. ती सरळ गाडीत जाऊन बसली आणि तिने स्टार्टर ओढला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा खोकला. तिसऱ्यांदा काळी सुरू झाली, धूर ओकली, अडखळली आणि मग सगळ्या पत्र्यांसकट थरथरत चालू राहिली. धाकट्याने लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक झाकणावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि एकेका रॉकरपाशी सरकत गेला. शेवटी त्याने मूठ दादांच्या कानाशी धरली. दादांनी ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

“तिसरा जरा बोलतोय.”

“गरम झाल्यावर बसेल, दादा.”

अकरा वर्षांनी कानावर पडलेल्या त्या हाकेवर म्हाताऱ्याने नुसती मान हलवली. मास्तरणीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तिचा राग गेला नव्हता. आईवरचा तर पुढे कितीतरी दिवस राहणार होता. फेरी मारायची आहे, ती म्हणाली, आणि बाजूला ऐकणारं कोणीतरी हवं. “बसता का, काका?”

गाडी गेली. आत्याने चहा टाकला. थोरलीने ट्रे नेऊन भंगाराच्या पिंपात उपडा केला. झिजलेले बुश, जुना शाफ्ट, वाकलेले वॉशर. पिन त्यात नव्हती. दादा शर्टाच्या खिशावर हात ठेवून बसले होते आणि नियमाची आठवण त्यांना कोणी करून दिली नाही.

तासाभराने चढावरून येणारी काळी आधी दादांना ऐकू आली, मग इतरांना. ती फाटकातून आत आली, उभी राहिली आणि बंद झाली. धाकटा उतरला. त्याची बोटं काळी झाली होती, म्हणजे वाटेत कुठेतरी थांबून त्याने तिसरा जुळवला असावा, आणि झाकणही लावलं असावं. फळ्याकडे त्याने पाहिलं नाही.

“आली ना नीट परत,” तो म्हणाला. “मग पुसा की, वहिनी.”

तिने फडकं भिजवलं, पिळलं आणि फळा पुसायला घेतला. खालपासून वर, डावीकडून उजवीकडे. कोपऱ्यापाशी सवयीने हात वळायला लागला. तिने तो वळू दिला नाही, सरळ नेला, काठापर्यंत.